उपाशी मोटार

आमच्या सासरच्या मोटारीला वर्षातून एकदाच मान मिळायचा, तो दसऱ्याला. एरवी ती जिंतूरच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये जुनी सतरंजी पांघरून उभी असायची. बाटलीसारखी हिरवी, लांब नाकाची, निजामाच्या राज्यात कुणा इंजिनियरानं विलायतेहून मागवलेली गाडी. त्याच्याकडून ती मामंजींनी घेतली. मामंजी म्हणजे माझे सासरे, वकिली सोडून घरी बसलेले. पेट्रोल महागल्यापासून त्यांनी तिला बाहेर काढणं जवळजवळ बंदच केलं होतं, पण विकायचा विषय कुणी काढला की म्हणायचे, "आधी मला विका, मग मोटारीचं बघा."

मला त्या गाडीचा मनापासून राग यायचा. तिच्यावरची धूळ झटकायचं काम सुनेचं, आणि बसायला मिळायचं ते दसऱ्याच्या संध्याकाळी, शेडपासून देवळापर्यंत. तेवढ्या रस्त्यात मामंजी रस्त्यावरच्या प्रत्येकाला मान डोलवायचे. मी पदराआड हसायची आणि सासूबाई मला कोपर मारायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. नवऱ्याची नोकरी बाहेरगावी होती, त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

दिवाळी झाली, कापसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या, आणि मानवतहून निरोप आला. आत्याबाईंची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. निरोप घेऊन आलेला त्यांचा भाचा ओट्यावर पाण्याचा तांब्या हातात धरून म्हणाला, "पायाची सूज पोटावर आलीय, मावशी. आई लय आठवण काढायलीय तुमची. एकदा भेटून जावा."

आत्याबाईंची आई त्या रांगत्या असतानाच गेली होती. या थोरलीनं त्यांना कडेवर वागवलं, न्हाऊमाखू घातलं, सासरी धाडलं. पण गेली कित्येक वर्षं दोघींची गाठ नव्हती. एस.टी.ची पायरी चढायला आत्याबाईंचे गुडघे तयार नसायचे, आणि चढल्याच तर परभणी यायच्या आत त्यांना तीनदा उलटी व्हायची. मी म्हटलं, जीप भाड्यानं करू. मामंजींनी ते माझ्याकडे न बघता आत्याबाईंनाच ऐकवलं, "दारात मोटार असताना भाड्याच्या जीपनं जायचं? सूनबाईला सांग, आपल्या मोटारीनंच जाऊ. उद्याच."

दुसऱ्या दिवशी मोटार सुरूच झाली नाही. हँडल फिरवून मामंजींचा सदरा घामानं भिजला. मग मिस्त्रीला बोलावणं गेलं. मिस्त्री गावातला जुना कारागीर, ट्रकपासून पाण्याच्या इंजिनापर्यंत सगळ्याला हात घालणारा आणि प्रत्येक वेळी आधी स्वतःचं कौतुक करणारा. त्यानं टाकीचं झाकण काढून वास घेतला आणि नाक मुरडलं. "शिळं झालंय पेट्रोल, वकीलसाब. इतकं दिवस उभं ठिवल्यावर काय होनार? डिंक झालाय नुसता." त्यानं कार्बोरेटर खोलला. आतली बारीक भोकं खरंच चिकट तपकिरी मळानं बुजली होती. त्यानं ती फुंकून, तार घालून साफ केली, टाकीत नवं पेट्रोल ओतलं, आणि मोटार खोकत खोकत चालू झाली. मग हात पुसत त्यानं जाहीर केलं, "इंजिनात काहीबी खराबी न्हाई. उपाशी मरायलं होतं बिचारं. टाकी भरलेली, पन घास खाली उतरंना!"

आत्याबाई दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. कुणी उपाशी आहे हे त्यांना ऐकवत नसे. भर दुपारी दाराशी आलेला माणूस असो की शेजारच्यांची मांजर, पहिलं ताट तिकडं जायचं, मग आमचं.

सकाळी आम्ही निघालो. आत्याबाईंनी मोटारीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, बहिणीसाठी केलेल्या लाडवांचा डबा मांडीवर घेतला. गावाबाहेरचा पूल ओलांडला आणि मोटारीनं दोन आचके देऊन जीव सोडला. आम्ही बाभळीखाली बसलो. कापसाचे गाडीवान जाताना विचारायचे, "काय झालं, वकीलसाब?" आणि मामंजी म्हणायचे, "काही न्हाई, थंड व्हायला लावलीय." बऱ्याच वेळानं हँडल मारलं तर ती लगेच सुरू झाली, जशी काही झोप काढून उठली. पण पुढं जायचा धीर कुणालाच झाला नाही. आम्ही घरी परतलो.

मिस्त्री म्हणाला, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा गेलाय. त्यानं परभणीहून नवा पडदा आणून बसवला. पुन्हा ओवाळणं, पुन्हा लाडवांचा डबा, आणि या वेळी मोटार पुलावरच थांबली. मिस्त्री म्हणाला, नळीत कचरा असंल. त्यानं नळी सोडवून तोंडानं फुंकली, टाकीत गुडगुड आवाज झाला, आणि गाडी चालायला लागली. तिसऱ्या खेपेला ती पुलापर्यंतसुद्धा पोचली नाही. दर दुरुस्तीनंतर गाडी आधीपेक्षा लवकर बंद पडते, हे मी उभ्या जन्मात पहिल्यांदा बघत होते.

मध्ये भाचा पुन्हा येऊन गेला. या वेळी त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. "बोलनं कमी झालंय आता," एवढंच म्हणाला. आत्याबाई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. ताटातली भाताची मूद मोडून पुन्हा रचत म्हणाल्या, "माझं जानंच देवाच्या मनात न्हाई, पोरी. न्हाईतर धडधाकट मोटार मी बसले की का बंद पडती?" मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त मामंजींचा संताप आला. एका माणसाच्या ऐटीपायी दुसऱ्या माणसानं बहिणीला मुकायचं?

त्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. मी सकाळी शेडमध्ये गेले आणि बोलले. "मामंजी, आज जीप आली न्हाई तर मी आत्याबाईंना एस.टी.त बसवून नेते. वाटेत उलट्या झाल्या तर मी निस्तरीन."

मिस्त्री पाना हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. मामंजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आवाज चढेल म्हणून मी पदर आवळून उभी होते. पण ते हळू म्हणाले, "जीपवाल्याला सांगून ठिवतो. पन दुपारपर्यंत बघू दे मला. एकदाच." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता, म्हणून मी तिथेच थांबले.

थांबले तर बोलणंही आलंच. मी विचारलं, नळी फुंकली की गाडी चालते, मग थोड्या वेळानं पुन्हा का बंद पडते? मिस्त्री म्हणाला, तेच तर कळंना झालंय. मी म्हटलं, मोरीच्या जाळीवर उष्टा भात येऊन बसला की पाणी तुंबतं. काडीनं सारला की जातं, आणि पाण्यासंगं पुन्हा तिथंच येऊन बसतो. तसं टाकीत काही असेल. भात मी आपला बोलण्याच्या ओघात म्हटला होता. मिस्त्री खो खो हसला, पण मामंजी हसले नाहीत. "टाकी रिकामी कर," ते म्हणाले. "तळाचा बोल्ट खोल."

मिस्त्री गाडीखाली शिरला. मी घमेल्यावर धोतराचं फडकं ताणून धरलं. पेट्रोल पिवळट यायला लागलं, आणि त्याच्याबरोबर फडक्यावर टपटप काहीतरी पडू लागलं. शेवटी मिस्त्रीनं बोटानं भोक मोकळं केलं तेव्हा मूठभर एकदम आलं. तांदूळ. हळदीनं पिवळे, काहींना अजून कुंकू चिकटलेलं. पेट्रोलमध्ये ना फुगलेले, ना विरघळलेले, जसे घातले तसे कडक.

आम्ही तिघं त्या फडक्याकडे बघत होतो तेवढ्यात आत्याबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी वाकून बघितलं. "हे तिच्यातनं निघालं?" त्यांनी विचारलं. आणि मग, खऱ्याखुऱ्या नवलानं, "म्हंजी तिनं खाल्लंच न्हाई?"

त्या आपणहून सांगू लागल्या. दळायला बसताना जात्याच्या तोंडात पहिला घास घालून हात जोडायचे, हे त्या लहानपणापासून करत आलेल्या. मोटारीला जिथून पाजतात ते तिचं तोंड, हे त्यांना दिसत होतं. "मिस्त्री म्हनले की, उपाशी मरायलीय म्हनून. मग निगायच्या वक्ताला, तुमी चपला घालस्तोवर, ताटातल्या अक्षता घातल्या तिच्या तोंडात. पयल्यांदा चिमूट घातली. तेवढ्यानं भागंना, म्हनून मंग मूठ घातली." बोलता बोलताच त्यांना ते उमगलं. "मीच अडवलं का ओ मला? तिकडं ती वाट बघायलीय, आन् हितं मीच?"

मी कप त्यांच्या हातातून घेतले. मामंजींच्या रागाला गावात लोक वचकून असत. कोर्टात त्यांनी चुकार साक्षीदारांना रडवलेलं होतं. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले, तेवढंच मला सुचलं.

मामंजी घमेल्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी फडक्यातले तांदूळ एका बाजूला गोळा केले. "तू तर घास दिलास," ते खाली बघतच म्हणाले. "मी काय दिलं? इतकी वर्सं तू मानवतला न्या म्हनलीस, आन् मी हिला सतरंजीखाली झाकून ठिवलं. चालती असती तर शिळं पेट्रोल झालं नसतं, न् मिस्त्री आला नसता, न् कुनी उपाशी म्हनलं नसतं." मग एकदम उठून मिस्त्रीवर खेकसले, "बघतोस काय? गाळून भर!" त्या खेकसण्यानं आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. मिस्त्री तर लगेच सांगायला लागला की टाकीतच काहीतरी असणार हे त्याच्या पहिल्यापासून ध्यानात आलं होतं.

दुपारीच निघालो. पूल आला तेव्हा आत्याबाईंनी डोळे मिटून माझं मनगट धरलं. पूल मागे पडला, बाभळी मागे पडल्या. परभणीच्या अलीकडे त्यांनी मनगट सोडलं, तेव्हा त्यावर त्यांच्या बांगड्यांचे वळ उठले होते.

मानवतला भाच्यानं आम्हाला थेट आतल्या खोलीत नेलं. थोरल्या बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आत्याबाई बाजेवर टेकल्या आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवू लागल्या. थोरल्या बाईंनी वळून बघितलं. मग खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, "आलीस व्हय? मला वाटलं, तू रुसलीस."

"तुझ्यावर रुसंन का मी?" आत्याबाई म्हणाल्या. "कशाला रुसंन, अक्का?"

"आईची नथ मी ठिवून घेतली, तुला देली न्हाई. इतकी वर्सं तेच मनात येतंय. त्याच्यापायी येत न्हाईस, असं वाटलं."

आत्याबाईंना नथ आठवतसुद्धा नव्हती. त्यांनी मोटारीची सगळी कथा सांगितली, चिमटीपासून मुठीपर्यंत. थोरल्या बाईंना हसू आलं, हसताना खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या. मीही दाराशी उभी राहून रडले.

मामंजी बाहेर मोटारीत बसून होते. रात्रीच्या आत परतायचं ठरलं होतं. मी जाऊन सांगितलं, आत्याबाईंना राहायचंय. त्यांनी मागच्या सीटवरचं, आत्याबाईंनी असू दे म्हणून घेतलेलं कपड्यांचं गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. "हे आत दे. कधी यायचं ते तिचं तिला ठरवू दे म्हनावं."

नंतर दर रविवारी मोटार मानवतला जायची आणि एकटे मामंजी परत यायचे. पेट्रोलच्या भावाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. संक्रांतीच्या आधी थोरल्या बाई गेल्या, तेव्हा त्यांचं डोकं आत्याबाईंच्या मांडीवर होतं. जाताना त्यांना एवढं माहीत होतं की धाकटी रुसलेली नव्हती.