मांडीखाली दाबलेले हात

"आज तिनं चहा नाही केला गं," एवढंच दादा फोनवर म्हणाला. मी काय ते समजले. सुमनवहिनी गेली. त्याला आता महिना उलटलाय.

सिकंदराबादच्या एका दवाखान्यात ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. म्हणजे नेमकं काय, ते आमच्या आप्पांना अर्धांगवायू झाला तेव्हा कळलं. दाबायला रबरी चेंडू दिला की आप्पा भिरकावून द्यायचे. वहिनीनं मला एवढंच विचारलं, "वन्सं, आप्पा आधी सकाळी उठून काय करायचे?" म्हटलं, आईला भाजी निवडून द्यायचे. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्यापुढं परातभर चिगूर ठेवला. चिंचेचा कोवळा पाला, काडीवरून खुडताना धडधाकट माणूसही वैतागतो. मी भडकलेच. आजारी माणसाला कामाला जुंपतेस? मदतीला सरसावले तर म्हणाली, "हात आवरा. आधी मन, मग सवय, ताकद मागनं येते. आमचं शास्त्र हेच सांगतं. आणि घरच्यांनी आजारी माणसाला स्वतःचं स्वतः करायला जागा द्यायला हवी." स्वतः मात्र दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. राहवत तिलाही नव्हतं. वाटीभर पाला खुडायला आप्पांनी अख्खी सकाळ घेतली, आणि जेवताना चिगुराचं वरण दोनदा मागितलं.

पुढं दुखणं तिच्याच वाट्याला आलं. दादानं तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, पाण्याचा पेलासुद्धा उचलू देईना. "नक्को, मी आहे ना," हेच पालुपद. एकदा ती त्याच्यादेखतच मला म्हणाली, "वन्सं, यांच्या मायेनं मी मरायच्या आधीच संपतेय बघा." दादाचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा तिचा झाला. ओट्याला टेकून, थांबत थांबत करायची. दादा स्टुलावर बसून नुसता बघायचा, हात मांडीखाली. जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत तो चहा तिनंच केला.

ती गेल्यापासून दादा खुर्चीतून हलत नाही. शेजारी डबे देतात, तो दोन घास चिवडतो. परवा गौलीगुड्यातल्या त्याच्या घरी गेले आणि म्हटलं, "दादा, मला चहा हवाय."

"तूच कर ना गं. तुला सगळं ठाऊक आहे."

"तुझ्या हातचा हवाय."

खुर्चीला धरून तो उठला. आधण ठेवलं. मग साखरेसाठी एकेक डबा उघडू लागला. साखर कुठं आहे, मला दिसत होतं. मी त्या स्टुलावर बसले, हात मांडीखाली दाबले. डोळे वाहत होते... पुसायलासुद्धा हात काढले नाहीत.