देवाला दिलेली कोंबडी

केजजवळच्या आमच्या वस्तीवरच्या सारजाबाईंनी नवरा गेल्यावर घराबाहेर पडणंच सोडलं. चूलही रोज पेटेना. कापणीच्या सणाला मात्र त्यांनी आपली एकुलती एक कोंबडी चर्चला पाठवून दिली. "आता कुणाचं दाणापाणी माझ्यानं व्हत न्हाई," म्हणाल्या. सणाला आलेल्या वस्तूंचा उपासनेनंतर लिलाव होतो, त्यात ती मी घेतली.

पण दिवस मावळला की कोंबडी सारजाबाईंच्या दारात हजर! सकाळी त्या तिला काखेत मारून माझ्याकडं आल्या.

"देवाला दिलेलं घरात कसं ठिवू? घे तुझी बया."

"मावशी, आलात तर चहा घेऊन जा."

मग हे रोजचंच झालं. चहाबरोबर भाकरी आली, भाकरीबरोबर चार गप्पा. एका रविवारी त्या कोंबडीसकट थेट उपासनेलाच आल्या आणि साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभ्या राहिल्या.

"प्रभू, तुला दिली तरी तू हिला रोज माघारी धाडतूस. म्हंजी माझं काम अजून संपलं न्हाई, आसंच ना?"

उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या आधी कोंबडीच ओरडली. सगळी मंडळी हसली, सारजाबाईसुद्धा.

जाताना कोंबडी काखेतच ठेवून मला म्हणाल्या, "थोडी जवारी दे गं. दोघींना लागंल."