एका कान्याचा फरक

गौरी-गणपतीचे दिवस जवळ आले की ते प्रकरण मला हटकून आठवते. त्यात कोणी दगावले नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील. तरीही ते माझी पाठ सोडत नाही.

त्या वेळी बोईसर परिसरातील एका पोलीस ठाण्याचा कार्यभार माझ्याकडे होता. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी भरदुपारी एका चाळीतील खोलीला आग लागली. खोलीत खानदेशातून आलेल्या एका कामगाराचे कुटुंब राहत होते. बंदी असूनही थर्माकोलचे मखर, मागे नायलॉनच्या साडीचा पडदा, त्यावर विजेच्या माळा. सर्व काही मिनिटांत गेले. कामगाराच्या आईने मूर्ती बाहेर काढली. त्यात तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

बंब परततो न परततो तोच ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक इसम म्हणाला, "शेजारच्या वायरमनला उचला, साहेब. काल सगळ्या चाळीसमोर धमकी देऊन गेलाय."

हा वायरमन चिंचणीकडचा. एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. कामगाराने तक्रारीत तेच सांगितले आणि ठाणे अंमलदाराने लिहून घेतले: 'सदर इसम मला म्हणाला की, मी घर जाळेल.' पंचनाम्यात भिंतीलगत आगकाडीचे दोन तुकडे मिळाल्याची नोंद होती. धमकी आणि काड्या. मला तेवढे पुरेसे वाटले. मी वायरमनला ताब्यात घेतले.

चौकशीत तो फार बोलला नाही.

"धमकी दिलीस?"

"नाय."

"मग काय म्हणालास?"

"जलंल बोललो, साहेब. जालीन नाय बोललो. आमी वायरमन लोक, आमाला दिसतंय ते बोलतो."

त्याच्या बोलीत 'ळ'चा 'ल' होतो. मी तिकडे लक्ष दिले नाही. काड्या पुढे ठेवल्या. त्याने त्या निरखून पाहिल्या.

"यांना गुल नाय. आग लावनारा गुल मोडून काडी वापरतो काय? बोर्डाची भोकं बघा, साहेब."

मी पुन्हा घटनास्थळी गेलो. बोर्ड वितळून भिंतीवरून ओघळला होता. सॉकेटच्या एका भोकात तिसरा तुकडा अजून रुतलेला होता. पंचनामा करणाऱ्याने खाली पडलेले दोन उचलले, वर पाहिले नाही. मीही पाहिले नव्हते.

तेथून रुग्णालयात गेलो. म्हातारीच्या हातांना पट्ट्या होत्या. मी विचारले, "आजी, वायरमन नेमके काय म्हणाला?"

"तो म्हणे, आजी, ही माळ काढा, जळेल हे. मीच त्याला बोलली, बाप्पा घरात बसलाय, अभद्र बोलू नको. मग पोरगा तापला. म्हणे, तुझं तोंड काळं कर. झालं भांडण."

मुलगा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याला मी बाहेर व्हरांड्यात नेले.

"माळेला पिन होती?"

त्याने आत आईच्या पलंगाकडे पाहिले.

"होती का?"

"तुटली होती, साहेब. वायरी सोलून भोकात घातल्या. निघू नये म्हणून काड्या खोचल्या."

"तक्रारीत हे का नाही सांगितलेस?"

"आईचे हात माझ्यापायी भाजले, हे कसं लिहून देऊ? तो बोलला होताच ना जळायचं. मला वाटलं, त्यानंच केलं असेल. वाटून घेतलं म्हणा."

'जळेल' आणि 'जाळेल'. खानदेशाकडे 'मी जाळीन' ऐवजी 'मी जाळेल' म्हणतात. वायरमनचे 'जलंल' कामगाराने आपल्या बोलीत तसे सांगितले. म्हणजे फरक एका कान्याचा. तो कागदावर चढला आणि खाली सही माझी होती.

प्रकरण अकस्मात जळीत म्हणून नोंदवून बंद केले. वायरमनला सोडले. पण त्याचा कारखान्याचा गेटपास पोलिसांच्या पडताळणीवर मिळत असे आणि ताब्यात घेतल्याची बातमी ठेकेदारापर्यंत आधीच गेली होती. मी दोनदा पत्र पाठवले. पास मिळाला नाही. पुढे तो वाणगावच्या बाजूला मिळेल ती फुटकळ कामे करू लागला.

या प्रकरणाने मला एवढे शिकवले की, जबाब दुसऱ्याच्या बोलीत फिरवून लिहायचा नसतो. माणूस ज्या बोलीत बोलला, त्याच बोलीत तो कागदावर यायला हवा. पुढे माझ्या प्रत्येक ठाण्यात मी तसा आग्रह धरला. अंमलदार कुरकुरत.

पुढच्या वर्षी गणपतीच्या बंदोबस्तात त्याच चाळीवरून गेलो. वायरमन अजून तिथेच राहत होता, ओट्यावर बसला होता. समोर राहणाऱ्या दुसऱ्याच कुटुंबाचे नवे मखर दारातून दिसत होते. बोर्डातून दोन उघड्या वायरी लोंबत होत्या आणि भोकांत काड्या होत्या. त्याच्या जागेवरून ते सरळ दिसत होते.

"त्यांना सांगितलेस का?" मी विचारले.

"नाय, साहेब," तो म्हणाला. "आता मी कोनालाच सांगत नाय."

मी आत जाऊन बटण बंद केले. घरातील बाई म्हणाल्या, "अहो साहेब, बाप्पापुढे अंधार कशाला करता?"