माळवदावरचं नेट

मुखेडजवळच्या आमच्या गावात नेट घरात कधी आलंच नाही. जिना चढून वर माळवदावर गेलं की तेवढं यायचं. मुलगी बारावीचे ऑनलाइन क्लास उन्हात छत्री धरून तिथंच ऐकायची, आणि दुपारपर्यंत फोनचा डेटा संपायचा. घरी लाइन मिळावी म्हणून मी वर्षभर केबलवाल्याच्या दुकानात चकरा मारल्या. "दोन खांब कमी पडायलेत, सर," एवढंच तो सांगायचा. शेवटी तिला लातूरला होस्टेलवर ठेवलं.

ती गेल्यावर महिन्याभरानं केबलवाला वायरचं भेंडोळं घेऊन दारात उभा. मला आनंद झाला नाही, रागसुद्धा आला नाही. नेटचा डबा कुठं बसवू, असं त्यानं विचारलं, तेव्हा माझं बोट आपोआप वर माळवदाकडं गेलं.

"आता घरात बी चालतंय, सर," तो हसला.

संध्याकाळी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मागच्या भिंतीतला खिळासुद्धा दिसत होता. जेवण, अभ्यास, तब्येत, सगळं विचारून झालं. पूर्वी एवढ्यात कॉल तुटायचा आणि आम्ही नेटला शिव्या देऊन मोकळे व्हायचो. आज तो तुटला नाही. बायको माझ्याकडं बघत होती, मी मुलीकडं, मुलगी खाली.

"दिसतेय ना मी?" तिनं विचारलं.

"हाव, दिसायलीस," मी म्हणालो.

मग फोन कुणी ठेवायचा, ते तिघांपैकी कुणालाच कळेना.