मागे ठेवलेली द्राक्षं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सुलतान बाजारात आईसाठी पांढरी सुती साडी बघत होते. नाशिकहून वहिनींचं नाव स्क्रीनवर दिसलं आणि मी फोन घेतला नाही. दुकानदार म्हणाला, "उठाओ ना अम्मा, कबसे बज रा," तरी मी साडीच्या काठावरून बोट फिरवत राहिले. फोन वाजून वाजून थांबला. तेवढा वेळ दादा आणखी थोडा जगला, असं मला अजूनही वाटतं. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "सुजाताताई, आईंजवळ कुणीतरी बसवा आणि मग निघा." मिलिंददादा, माझा एकुलता एक मोठा भाऊ, सकाळीच गेला होता. साडी मी घेतली की नाही ते आठवत नाही, पण घरी पोचले तेव्हा पिशवी हातात होती.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. वडील नोकरीसाठी हैदराबादला आले आणि बरकतपुऱ्यात राहिले, आम्ही दोघं इथेच वाढलो. मी सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात चिकटले. दादा रसायनशास्त्र शिकला आणि नाशिकला एका वायनरीत लागला. वाइन बनवणारा माणूस आणि घरात रोज सकाळी त्रिसरण-पंचशील म्हणणारी आई! पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. आईनं त्याला समोर बसवून विचारलं होतं, "पेतोस का?" दादा म्हणाला, "नाही आई, चाखतो आणि थुंकतो. आमच्याकडे तशीच रीत आहे." आई जरा विचार करून म्हणाली, "थुंकायचंच आहे तर बनवतोस कामून?" पण पंचवीस वर्षं दादानं शब्द पाळला. हजारो घोट तोंडात घोळवले आणि बादलीत टाकले. त्याच्या हाताची वाइन लोक लग्नात, वाढदिवसाला पीत होते आणि तिची चव घशाखाली कशी लागते हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याचा जीव मात्र एका वाइनमध्ये अडकलेला. जेवणानंतर घ्यायची गोड, पांढरी, म्हणायला पांढरी, रंग मधाचा. त्यासाठी बागेतला एक तुकडा तो मुद्दाम मागे ठेवायचा. फेब्रुवारीत बाकीच्या वेली रिकाम्या व्हायच्या, पण या तुकड्यातले घड तसेच लटकत राहायचे. उन्हानं मणी सुरकुतायचे, पाणी उडून जायचं आणि गोडी आत साठत जायची. पाखरं यायची, मधमाश्या यायच्या, जाळ्या लावाव्या लागायच्या. आणि अवकाळी पाऊस. एक सर आली की घड सडले, वर्ष गेलं. दादा खिशात वीतभर लांबीची, गोडी मोजायची एक नळी बाळगायचा. तिच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळा आणि पांढरा भाग दिसतो आणि दोघांमधली रेघ जिथे असेल तेवढी गोडी. रेघ बघायचा आणि म्हणायचा, "अजून थोडं थांबू." मजूर वैतागायचे, मालक वैतागायचा. त्या दिवसांत तो मला रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, "सुजे, तिकडे ढग आहेत का गं?" मी म्हणायचे, "आहेत, पण नाशिकला यायला त्यांना तिकीट मिळेना." तो हसायचा नाही. खरोखर घाबरलेला असायचा. मला तेव्हा त्याच्या भीतीची गंमत वाटायची... आता तीच भीती माझ्या घरी राहायला आली आहे.

गेल्या फेब्रुवारीत तो एका लग्नासाठी आला होता. सकाळी गॅलरीत चहा पिताना, आई आत वंदनेला बसलेली असताना, हळूच म्हणाला, "सुजे, शौचाला रक्त जातंय. दोन महिने झाले." आमचे वडील पन्नाशीतच पोटाच्या दुखण्यानं गेले. त्यांचंही रक्तानंच सुरू झालं होतं, त्या वेळी कुणी आजाराचं नाव घेतलं नव्हतं. हे आम्हा दोघांना एकाच क्षणी आठवलं, आणि दोघांनीही ते बोलायचं टाळलं. मी म्हटलं, "मूळव्याध असेल. उन्हात उभा असतोस दिवसभर, पाणी पीत नाहीस." तो म्हणाला, "हां, तसंच असेल." मग मी म्हटलं, "हंगाम उरकू दे, मग दाखव." हे वाक्य माझं आहे. डॉक्टरांचं नाही, वहिनींचं नाही, त्याचंही नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं, मलाही वाटलं. आम्ही दुसरा चहा केला.

त्या वर्षी पाऊस आला नाही. रेघ चढत गेली आणि दादा थांबत गेला. त्यानं तो तुकडा एप्रिल सरताना तोडला, डॉक्टरकडे मे महिन्यात गेला. तोवर आतड्यातलं दुखणं यकृतापर्यंत पोचलं होतं.

दिवाळीच्या आसपास मी त्याला शेवटचं भेटले. पलंगावर माणूस कमी आणि चादर जास्त दिसत होती. कपाटाकडे बोट करून त्यानं मला दोन वस्तू काढायला लावल्या. ती नळी, आणि गोड वाइनची एक अर्धी बाटली, त्याच एप्रिलची. म्हणाला, "आत्तापर्यंतची सगळ्यात चांगली निघाली." मी विचारलं, "तू कसं सांगतोस? थुंकलास ना?" तो म्हणाला, "या वेळी एक घोट घेतला... आईला सांगू नको." मग माझा हात धरून म्हणाला, "सुजे, तू तपासून घे. मला तुझ्यासाठी भीती वाटतीये." स्वतःच्या भीतीबद्दल एक अक्षर बोलला नाही.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. वडील आणि भाऊ दोघांचं एकच निघालं, तर बहिणीनं दुर्बिणीची तपासणी करून घ्यायलाच हवी. माझी मुलगी प्रज्ञा हिनं इथल्या हॉस्पिटलात वेळ घेतली. मी ती पुढे ढकलली, सर्दी झाली म्हणून. पुन्हा घेतली, पुन्हा ढकलली, ऑफिसात बडे साहेब येणार म्हणून. साहेब आले, चहा पिऊन गेले. मला काही होत नाही. दुखत नाही, रक्त नाही. तरी रोज सकाळी मी संडासाचं दार लावून घेते आणि खाली बघायची हिंमत होत नाही. जेवताना पोटात जरा गुडगुडलं की घास फिरतो. भावाला ज्या शब्दांनी थांबवलं त्याच शब्दांनी स्वतःला थांबवते आहे हे मला कळत नाही असं नाही. भ्यालेल्या माणसाला कळून फार उपयोग होत नाही.

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. नवरा गेला, मुलगा गेला, आता हिला आणखी काय सांगायचं? बाटली फ्रिजच्या दारात उभी होती आणि नळी आईनं मागून घेतली होती. वंदना झाली की ती नळी गॅलरीच्या उजेडाकडे धरायची. काचेवर काही नसलं की आत नुसतं निळं दिसतं. आई म्हणायची, "आभाळच आहे की हे," आणि पुसून ठेवायची.

गेल्या रविवारी तिनं फ्रिज उघडला आणि बाटली टेबलावर आणून ठेवली. "प्रज्ञानं सांगितलं मला सगळं," ती म्हणाली. "ही उघड. मला बघायची त्याची रेघ." "आई, तू हात लावशील तिला?" मी विचारलं. "पेत थोडीच आहे? उघड." मी झाकण फिरवलं. वास आला, पिकल्या आंब्याचा, मधाचा, उन्हात तापलेल्या मनुक्यांचा. चमच्यानं एक थेंब काचेवर टाकला. आईनं चष्मा काढला, नळी डोळ्याला लावली आणि बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "निळं सरकलं वर. ही रेघ म्हणजे गोडी?"

"हो."

"एवढी गोडी आली होती," आई म्हणाली, "मग तोडलं कामून नाही वेळेवर?"

ती द्राक्षांबद्दल बोलत होती की कशाबद्दल, मी विचारलं नाही. तिनं नळी पुसली, बोट धुतलं, चष्मा लावला आणि माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. मी हॉस्पिटलला तिच्यासमोरच फोन केला. पलीकडच्या मुलीला मला नाव तीनदा सांगावं लागलं.

बाटली फ्रिजच्या दारात आहे, एका थेंबानं कमी. मला अजूनही भीती वाटते. गुरुवारी सकाळी आठ वाजता जायचं आहे. दादा गेला त्या दिवशी सुलतान बाजारातून आणलेली साडी आईनं आजवर नेसली नव्हती, ती काल घडी मोडून उन्हात टाकली. म्हणाली, "मी येते संगं. तू मधूनच परत फिरशील."