मारियान ग्रोनेकची सबटायटलं

मारियान ग्रोनेक ओपोलेत सिटी बस चालवायचा तेव्हा डेपोत त्याची एक गोष्ट सांगत. म्हणे लग्नात पाद्रीबाबांनी "मान्य आहे का?" असं विचारलं, तर ह्याने नुसती मान हलवली. शेवटी पाद्रीबाबाच म्हणाले, "बाळा, इथे तरी तोंड उघड." खरंखोटं देव जाणे, पण माणूस तसाच होता. असल्या घुम्या माणसाच्या बायकोला ऐकू येईनासं झालं तर तिचं काय बिघडणार, असं म्हणणारे चावट लोकही त्याच डेपोत होते.

बिघडलं ते बरंच. ओतिलिया शिवणकाम करायची, बोलकी होती, आणि सिनेमाची भलती वेडी. पस्तिशीच्या आतच मेंदूज्वर झाला आणि ताप उतरला तेव्हा दोन्ही कान गेलेले होते. बाई खमकी. वर्षभरात ओठ वाचायला शिकली आणि पाववालीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांशी पुन्हा गप्पा सुरू केल्या. सिनेमा मात्र गेला तो गेलाच. कारण आमच्याकडे पोलंडात टीव्हीवर परदेशी सिनेमा लागला की मूळ आवाज बारीक करतात आणि त्यावर एकच पुरुष सगळ्यांचे संवाद वाचतो. नायिकेचे, खुन्याचे, चार वर्षांच्या पोरीचे, सगळे एकाच सुरात, स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगतात तसे. त्याला लेक्टर म्हणतात. बाहेरची माणसं हसतात, पण आम्हाला त्याच्याशिवाय सिनेमा गोड लागत नाही. पडद्यावर अक्षर म्हणून उमटत नाही. नटांचे ओठ हलतात ते परक्या भाषेत, आणि जो पोलिश बोलतो त्याला तोंडच नाही. ओतिलियाने वाचायचं काय?

तर मारियानने लिहायला घेतलं. टीव्हीवरचा सिनेमा रेकॉर्ड करायचा, ड्यूटी संपली की कानाला हेडफोन लावून दोन बोटांनी लेक्टरचं एकेक वाक्य टाइप करायचं, आणि मग ते पडद्यावर योग्य वेळी उमटेल असं बसवायचं. एका सिनेमाला अख्खा आठवडा जाई. रविवारी जेवणं झाली की दोघं शेजारी बसत, आणि ओतिलिया पुन्हा हसायच्या जागी हसू लागली. शेजारच्या गावातल्या एका बहिऱ्या सुताराने मागितली म्हणून मारियानने ती सबटायटलं इंटरनेटवर टाकली. मग कुठून कुठून निरोप यायला लागले. एकाने लिहिलं, माझ्या आईने बारा वर्षांनी सिनेमा पाहिला, देव तुमचं भलं करो. हे लोक मूळ सिनेमा कुठून मिळवतात, हे मारियानने कधी विचारलं नाही. न विचारणं त्याला चांगलं जमायचं.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनाला टोचत असे. एका सिनेमात आई घर सोडून जाणाऱ्या मुलाला म्हणते, "मी काही दिवा लावून तुझी वाट बघत बसणार नाही. पण झोपताना तो विझवायला विसरेन." ते वाचून ओतिलिया हुंदके देऊन रडली. मग मारियानचं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तोंडाने बोलत नाहीस, पण पोटात केवढं ठेवलंयस रे!" लेक्टर नुसता कोरडा अर्थ वाचतो आणि त्याला असं रूप आपला नवराच देतो, अशी तिची समजूत. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी खसखशीचा रोल केला. मारियानने तो खाल्ला आणि मिठाची गुळणी धरून बसला.

मग दोन हजार बाराचा जानेवारी आला. पायरसी रोखायचा एक आंतरराष्ट्रीय करार, अ‍ॅक्टा, त्यावर आमच्या सरकारने सही करायची ठरवली आणि इंटरनेटची मुस्कटदाबी होईल म्हणून पोरं हाडं गोठवणाऱ्या थंडीत रस्त्यावर उतरली. ओतिलियाही गेली, मारियानला ओढत घेऊन. तिथे निषेध म्हणून कोणी तोंडाला पट्टी चिकटवलेली, कोणी मुखवटा घातलेला, उरलेल्यांनी नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला. "सगळ्यांनी तोंडं झाकलीत, मी वाचू काय?" असं करवादत ती परत आली. इकडे मारियानची पाचावर धारण बसली होती. काही वर्षांपूर्वी सबटायटलं करणाऱ्यांना पोलिसांनी घरातून उचललं होतं, हे त्याला माहीत होतं. तो करार पुढे उन्हाळ्यात युरोपने फेटाळला, पण तेव्हा ते कोणाला ठाऊक? बायकोला तो म्हणाला, सगळं पुसून टाकतो आणि हे बंद करतो. ती म्हणाली, "मग रविवारी मी काय भिंत बघू? आधी दोन्ही बाजू ऐकू, मग ठरव."

दोन्ही बाजू ऐकायला ती दोघं शहराच्या वाचनालयातल्या चर्चेला गेली. ओतिलिया ओठ नीट दिसावेत म्हणून पहिल्या रांगेत. एक वकील बोलला, एक विद्यार्थी तावातावाने बोलला, टाळ्या त्यालाच पडल्या. मग साधा राखी स्वेटर घातलेल्या एक बाई उठल्या. इर्मिना वोश. लेक्टर जे वाचतो ते लिहून देणाऱ्या अनुवादक.

त्या शांतपणे म्हणाल्या, तुम्ही मोठमोठ्या कंपन्यांविरुद्ध बोलताय, बोला. पण मी कंपनी नाही, भाड्याच्या खोलीत बसून लिहिणारी बाई आहे. परवा माझा अख्खा मजकूर इंटरनेटवर सापडला, शब्दाला शब्द. "आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा कोण आहे, मला ठाऊक नाही. पण त्यात माझ्या आजीचं वाक्य आहे. मूळ सिनेमात ती आई नुसतं 'लवकर ये' म्हणते. माझे वडील कोळशाच्या खाणीत कामाला निघाले तेव्हा आजी जे म्हणाली, ते मी तिथे घातलं." आणि त्यांनी ते दिव्याचं वाक्य म्हणून दाखवलं.

मारियानला वाटलं, उठून त्या बाईंच्या तोंडावर हात ठेवावा. पण ओतिलियाने वाचलं होतं. तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. रागावून नाही, हे कोण आपल्या शेजारी बसलंय असं. पोलीस, नोकरी, करार, सगळी भीती त्या एका नजरेपुढे फिकी पडली. आणि ज्याने लग्नातही तोंड उघडलं नव्हतं तो माणूस भर सभेत उभा राहिला.

"तो मी," तो म्हणाला. "हिला लेक्टर ऐकू येत नाही. म्हणून लिहिलं. हिला वाटलं माझंच आहे, आणि मी वाटू दिलं." बोलताना त्याने तोंड बायकोकडे ठेवलं होतं, तिला वाचता यावं म्हणून.

इर्मिनाबाईंनी त्याला नखशिखान्त पाहिलं. "शेवटी लेक्टर माझं नाव वाचतो. मजकूर अमुक अमुक, असं. एवढं सगळं उतरवलंत, तेवढंच का नाही?"

मारियान खालमानेने म्हणाला, "तोवर मी चहा ठेवायला उठलेलो असतो."

सभा हसली. कारण आमच्या देशात ते वाक्य बसून ऐकणारा माणूस अजून जन्मायचाय. लेक्टर नावं घेऊ लागला की घराघरात खुर्च्या सरकतात. इर्मिनाबाई मात्र हसल्या नाहीत.

तेव्हा ओतिलिया उठली. नवऱ्याला ओलांडून सरळ त्या बाईंपुढे जाऊन उभी राहिली आणि त्यांचे दोन्ही हात तिने हातात घेतले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ती नेहमीच मोठ्याने बोलायची, त्यामुळे दाराशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेलं.

"बाई, इतकी वर्षं मी भलत्याच माणसाचे आभार मानत होते. मला ऐकू येईनासं झालं तेव्हा वाटलं होतं, आता आपल्याशी कोणी चांगलं बोलायचं नाही. तुम्ही बोलत होतात. तुमच्या आजीचेही माझ्याकडून आभार माना."

इर्मिनाबाई काहीतरी बोलल्या. पण त्यांचे ओठ असे थरथरत होते की ओतिलियाला काही वाचता येईना. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. मारियान पुढे आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "माझं लिहिलेलं हवेत जातं असंच मला वाटायचं. ते कोणी जपून ठेवलंय, हे मला आज कळलं."

मग थांबून, कपाळावरचा घाम पुसून, त्याने पुढे जोडलं, "हे माझं नाही. हे इर्मिना वोश म्हणाल्या."