नळाचा दिवस आणि चार मंगलाष्टकं

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही आणि माझ्या अंगात जोर रोज येत नाही. पहिली गोष्ट गल्लीतल्या सगळ्यांना मान्य आहे. दुसरी पटवून द्यायला मला चार वर्षं लागली.

आजाराचं नाव भारदस्त आहे, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. डॉक्टरांनी ते उच्चारलं तेव्हा कुणी परदेशी पाहुण्याची ओळख करून देतंय असं वाटलं. पाहुणा राहिलाच. रात्रभर झोपून उठावं तरी थकलेलीच. दुखणं तर असं लहरी, की सकाळी पोटऱ्यांत, दुपारी मानेत आणि एखाद्या दिवशी कुठेच नाही. हा ‘कुठेच नाही’वाला दिवस सगळ्यात घातक, कारण त्या दिवशी मी महाराणी असते.

अशाच एका दिवशी मी भाचीचा साखरपुडा घालवला. कार्यक्रम रविवारी होता. शुक्रवारी नळ आला आणि अंगही गप्प होतं. मी गोधड्या काढल्या, पडदे काढले, ड्रम घासले. शेजारच्या वहिनी भिंतीवरून म्हणाल्या, “ताई, परवा कार्यक्रम हाय ना? राहू द्या की ते.”

“आज कुठंच दुखत नाही हो!” मी ओला पडदा पदरासारखा खांद्यावर टाकून नाट्यमय आवाजात सांगितलं.

रविवारी पंख्याचा वाराही अंगाला टोचत होता. नेसायची साडी खुर्चीवर घडी घातलेली, आणि मी पलंगावर. संध्याकाळी भाचीचा फोन आला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “आत्या, लग्नाला तरी येशील ना? मंगलाष्टकं तूच म्हणायची. दुसऱ्या कुणाला मी म्हणू देणार नाय.”

आमच्याकडं नवरीची आत्या स्वतः रचून मंगलाष्टकं म्हणते. मी सगळ्या भाच्यांची म्हटली होती. ही शेवटची, आणि तिच्याच लग्नात मी पलंगावर असणार की काय, या भीतीनं मी रडले. तेवढ्यात वहिनी खिचडी घेऊन आल्या. त्यांनी आधी मला खाऊ दिलं, मग झापलं.

“ताई, नळ आला म्हणून मी सगळं पाणी एका दिवसात वापरते का? मग पुढचे सहा दिवस काय धूळ प्यायची? तुमचं अंग बरं असतं ना, तो नळाचा दिवस. ड्रमासारखं भरून ठेवा. सांडू नका.”

डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, की बरं वाटेल त्या दिवशीही बेतानं. पण डॉक्टरांच्या बोलण्यात ड्रम नव्हते.

पुढचा महिना मी बरं वाटत असतानाही बसायला शिकले. दुखत असताना बसणं सोपं असतं. काहीच दुखत नसताना, समोर केर दिसत असताना बसून राहणं ही तपश्चर्या आहे. यजमानांना मी पहारेकरी नेमलं. मी झाडूला हात लावला की ते लांबूनच हवेत तोटी बंद केल्यासारखी मूठ फिरवायचे. संसारात पहिल्यांदाच त्यांना मला थांबवायचं हुकमी साधन मिळालं होतं. त्यांनी ते मनसोक्त वापरलं.

लग्न सोयगावला होतं. आम्ही एक दिवस आधी निघालो, मी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी. अंगणात हळद रंगली, तेव्हा मी रुखवताच्या खोलीत करंज्यांच्या ताटांशेजारी पडून होते. एक काकू डोकावल्या.

“काय गं, दिसायला तर ठणठणीत. अन् झोपली काय?”

“काकू, उद्यासाठी टाकी भरतेय.”

काकूंनी माझ्या पोटाकडं पाहिलं आणि जेवणाचं ताट पाठवून दिलं.

लग्नाच्या सकाळी पोटऱ्यांतलं दुखणं आमंत्रण नसताना हजर झालं. पण माझं आधीच ठरलं होतं. रचलीत आठ, म्हणायची चार, तीही बसून. अंतरपाटाजवळ लाल प्लास्टिकची खुर्ची आली. अख्खा मांडव अक्षता घेऊन उभा आणि मी एकटी सिंहासनावर! चौथं संपेपर्यंत आवाज असा तापला की पाचवं ओठांवर आलं. ते सगळ्यात झकास होतं, त्यात नवरदेवाच्या मिशांना चिमटा होता. तेवढ्यात दोन फेट्यांच्या मधून मला एक मूठ दिसली. हवेत, सावकाश, फिरणारी.

मी कागद गुरुजींच्या हाती दिला. मिशांची ओळ त्यांनी सातबारा वाचावा तशी वाचली, तरी हशा पिकला. मला वाईट वाटलं? वाटलं ना. चांगलंच वाईट वाटलं.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी मी गाडीपर्यंत चालत गेले. भाची गळ्यात पडून रडता रडता म्हणाली, “आत्या, मिशांचं तू म्हणायला पाहिजे होतंस.”

“म्हटलं असतं, तर आत्ता इथं कोण उभं असतं?”

ती रडायची थांबली आणि तिनं मला आणखी घट्ट धरलं.

दोन दिवसांनी घरी परतलो. दुखत होतं, पण चहाचा कप हातात धरवत होता. दाराशी आमचे दोन्ही ड्रम काठोकाठ भरलेले. आम्ही नसताना नळ येऊन गेला होता आणि वहिनींनी तो चुकू दिला नव्हता. मी त्यांना रुखवतातल्या करंज्या दिल्या. घरात मळक्या चादरींचा ढीग होता.

मी त्यातली एकही धुतली नाही.